उकळला तरी सोमल तो सोमलच

मागच्या अंकात बोअरच्या पाण्यातल्या क्षारांवर सविस्तर लिहिलं आणि शेवटी जाता जाता एका ओळीत आर्सेनिकचं, म्हणजे ज्याच्यापासून सोमल हे विष होतं त्याचं, नाव घेतलं. झालं, त्या एका ओळीवरच पत्रांचा पाऊस, क्षारांबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही! तर यावेळी सगळं आर्सेनिकच. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचीच छापत नाही, फक्त गाव देतोय.

प्रश्न : बँकेत आहे, गेल्या वर्षी बदली होऊन पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात आलोय, बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत आहेत. घरमालकाच्या अंगणात हापसा आहे, पाणी नितळ आहे, चवीलाही चांगलं. आम्ही ते वीस मिनिटं उकळून, गाळून पितो. ऑफिसातले म्हणतात इकडे पाण्यात आर्सेनिक असतं. उकळल्यावर तर प्रॉब्लेम नाही ना? घरमालक तर म्हणतात आम्ही बारा वर्षं हेच पितोय, काही झालं नाही. (मूळचे जळगावचे वाचक)

दादा, उत्तर आधी देतो, गोष्ट मागून सांगतो. उकळून आर्सेनिक जात नाही. जंतू मरतात कारण ते जिवंत असतात, आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ते मरत नाही की वाफेबरोबर उडूनही जात नाही, उलट वीस मिनिटं उकळलं की पाणी आटतं आणि होतं तेवढं सगळं आर्सेनिक उरलेल्या कमी पाण्यात राहतं, म्हणजे तुम्ही रोज मेहनत करून ते थोडं थोडं घट्ट करताय. कँडलचा फिल्टर, यूव्हीचा फिल्टर, तुरटी फिरवणं, मलमलचं फडकं, यातल्या कशावरही यासाठी विसंबू नका. आणि रंग, वास, चव यावरून कळत नाही. तुमचं पाणी नितळ आणि गोड आहे यावरून काहीही सिद्ध होत नाही, ना चांगलं ना वाईट.

आता आकडा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस लिटरला 10 मायक्रोग्रॅमची, आपल्या भारतीय मानकातही तेवढीच मर्यादा आहे. म्हणजे किती, तर दहा हजार लिटरचे दहा टँकर उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक टाका, चिमूटभर म्हणा ना, ती झाली मर्यादा. तुमच्या भागातल्या कित्येक हापशांना याच्या दसपट, वीसपट सापडलेलं आहे.

हे तिथे आलं कुठून? कुणी फॅक्टरीवाल्याने सोडलेलं नाही, हे महत्त्वाचं, कारण आपल्याला विष म्हटलं की लगेच दोषी माणूस शोधायची सवय असते. हिमालयातून गंगा-ब्रह्मपुत्रा हजारो वर्षं गाळ वाहून आणतायत, त्या गाळाच्या कणांवर लोखंडाचा गंज असतो आणि गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असतं. जोवर हवा लागते तोवर ते तिथे मुकाट बसतं. पण गाळाबरोबर पालापाचोळा, शेवाळं असलं सगळं गाडलं गेलं, ते खाणाऱ्या जिवाणूंनी जमिनीखालचा ऑक्सिजन संपवला आणि मग ते त्या गंजावरच गुजराण करायला लागले, गंज विरघळला आणि आर्सेनिक पाण्यात सुटलं. म्हणून गंमत बघा, उघडी विहीर, नदी, तळं यांच्या पाण्यात हे सहसा कमी, आणि वीस-तीस मीटरवरच्या हापशात जास्त. खूप खोल, दीडशे मीटरच्या खालच्या जुन्या थरांत परत कमी.

आणि दुर्दैव असं की त्या वीस-तीस मीटरवरच लोकांना मुद्दाम नेलं गेलं. तळ्याचं पाणी पिऊन हगवण, कॉलरा आणि पोरं दगावायची, म्हणून 1970 च्या दशकापासून बांगलादेशात युनिसेफ आणि सरकारने नळकूप खोदायची मोहीम काढली, पश्चिम बंगालमध्येही तेच झालं. हेतू शंभर टक्के चांगला होता, हगवणीपासून सुटका मिळाली, लोकांनी पुढे स्वतःच्या पैशांनी लाखो हापसे बसवले, मुलीच्या लग्नात हापसा द्यायचा म्हणे. पाण्यातले जंतू तपासले, आर्सेनिक कुणी तपासलं नाही. 1983 मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे डाग आणि तळहाताला, तळपायाला खडबडीत गाठी असलेले पेशंट यायला लागले, त्यांनी ओळखलं की हे पाण्यातलं आर्सेनिक आहे. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती हे रसायनशास्त्रज्ञ 1988 पासून गावोगाव हिंडून पाणी, केस, नखं गोळा करत राहिले आणि लोकांना ओरडून सांगत राहिले, सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. बांगलादेशात 1993 ला चापाई नवाबगंजमध्ये सरकारी खात्याला पहिल्यांदा सापडलं. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणवाल्यांनी तिथल्या पाण्याचा अभ्यास केला होता, बरीच मूलद्रव्यं तपासली, आर्सेनिक वगळून! त्यावर नंतर ब्रिटनमध्ये खटला चालला, 2006 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि गावकरी हरले. मला कायद्यातलं कळत नाही, पण पाण्याच्या रिपोर्टमध्ये जे नाव नाही ते पाण्यातही नाही असं आपण सगळेच समजतो, एवढं मात्र त्यातून मला चांगलं कळलं.

तुमच्या घरमालकांचं "बारा वर्षं झाली, काही नाही" याचं उत्तर असं, की डाग दिसायलाच पाच-दहा वर्षं जाऊ शकतात, कुणाला दिसतात, कुणाला दिसतच नाहीत आणि कातडी, फुप्फुस, मूत्राशयाचा कॅन्सर तर वीस-तीस वर्षांनी उगवतो. खाणंपिणं नीट असलेल्याला त्रास कमी दिसतो, कुपोषित माणसाला लवकर. ज्यांना दिसतो त्यांचे हाल वेगळेच, डागांना महारोग समजून वाळीत टाकणं, लग्न मोडणं, नवऱ्याने माहेरी पाठवणं हे तिथल्या बायकांनी भोगलंय.

आता करायचं काय. हापशाचं पाणी तपासून घ्या, तुमच्या हापशाचं, शेजारच्या नाही, कारण या प्रकरणात सगळ्यात विचित्र गोष्ट हीच आहे की पन्नास पावलांवरच्या दोन हापशांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बांगलादेशात 2000 नंतर जवळपास 50 लाख नळकूप तपासले, साधारण 14 लाखांच्या तोंडाला लाल रंग फासला, बाकीच्यांना हिरवा. त्यांची मर्यादा आपल्यापेक्षा सैल आहे, 50 मायक्रोग्रॅम, तरी एवढे लाल. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे ढाक्याजवळच्या अराईहजार उपजिल्ह्यात जेव्हा लोकांना तुमचा हापसा लाल आहे एवढं नुसतं सांगितलं, बाकी काही दिलं नाही, तेव्हा अर्ध्याहून जास्त घरांनी वर्षाभरात दुसऱ्या हापशावरून पाणी आणायला सुरुवात केली. फिल्टर नाही, सबसिडी नाही, फक्त माहिती.

जिल्ह्यात पाणीपुरवठा खात्याची लॅब असते तिथे बाटली द्या, आर्सेनिक असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते पीएच आणि क्षार लिहून हातात कागद देतील (मागच्या अंकातलं सगळं!). तोवर पिण्याला आणि स्वयंपाकाला, दोन्हीला, नदीचं शुद्ध केलेलं नळाचं पाणी असेल तर ते आणा. स्वयंपाक विसरू नका, भात आणि डाळ पाणी पितात म्हणजे आर्सेनिकही पितात. आरओ कमी करतं, पण बंगालच्या जमिनीखालचं आर्सेनिक बऱ्याचदा अशा रूपात असतं की ज्याच्यावर विद्युतभार नसतो, ते पडद्यातून जास्त निसटतं, त्यामुळे आरओ बसवलाच तर त्याच्यातून निघालेलं पाणीही तपासा. अंघोळ, धुणं-भांडी हापशावर खुशाल करा, कातडीतून फारसं आत जात नाही. लेकीची काळजी घ्या आणि रिपोर्ट आला की कळवा.

प्रश्न : मुलगी इंग्लंडला असते, नातू दीड वर्षाचा आहे. मी इथून सांगते त्याला पेज दे, मऊ भात दे, तर ती म्हणते आई भातात आर्सेनिक असतं, इथले डॉक्टर राइस मिल्क देऊ नका म्हणतात. आमच्या सात पिढ्या पेजेवर वाढल्या! खरं काय? (रत्नागिरी)

ताई, लेक खोटं बोलत नाहीये, पण तुमच्या सात पिढ्याही काही चुकल्या नाहीत. भाताचं पीक पाण्यात उभं राहतं, त्या चिखलात हवा नसते, म्हणजे वर जळगावच्या दादांना सांगितली तीच गंजाची गोष्ट शेतात घडते आणि आर्सेनिक सुटं होतं. भाताच्या मुळांना वाळूतलं सिलिकॉन ओढून घ्यायची दांडगी सवय, त्याच वाटेने हेही आत शिरतं. म्हणून गहू, ज्वारी, नाचणीपेक्षा तांदळात ते जास्त, आणि कोंड्यात जास्त म्हणून ब्राउन राइसमध्ये पांढऱ्यापेक्षा जास्त. (हे डाएटवाल्यांना सांगितलं की त्यांना राग येतो.) पांढऱ्या पॉलिश तांदळाला आंतरराष्ट्रीय मर्यादा 2014 पासून किलोला 0.2 मिलिग्रॅम आहे, युरोपात लहान बाळांच्या खाण्यासाठीच्या तांदळाला त्याच्या निम्मी. भारत-पाकिस्तानच्या पांढऱ्या बासमतीत बहुतेक वेळा कमीच असतं.

बाळाचं वेगळं का, तर वजनाच्या मानाने ते कितीतरी जास्त खातं. तिथल्या सरकारी सल्ल्यात पाच वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी तांदळाचं दूध देऊ नका एवढंच आहे, भात बंद करा असं नाही. त्याला दिवसभर फक्त तांदूळच तांदूळ नको, म्हणजे सकाळी तांदळाची पेज, दुपारी मऊ भात, मध्ये त्या फुगवलेल्या तांदळाच्या चकत्या, असं नको. नाचणीचं सत्त्व, गव्हाची खीर, मुगाचं वरण यांची पाळी लावा.

आणि शिजवायची पद्धत, यात कोकणाचं डोकं भारी! भात भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढला तर आर्सेनिक पाण्याबरोबर जातं. तांदळाच्या सहा ते दहा पट पाणी घेऊन वेळला तर निम्म्याच्या आसपास कमी होतं असं मोजलेलं आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये अजून एक रीत सांगितली, भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळायचं, ते पाणी ओतून टाकायचं आणि मग नव्या पाण्यात मंद आचेवर जिरवायचं, त्यात ब्राउनमधलं निम्म्याहून जास्त आणि पांढऱ्यातलं जवळजवळ पाऊण हिस्सा गेलं. कुकरमध्ये सगळं पाणी भातातच जिरतं म्हणजे सगळं ताटात. पण मेख अशी, की तुम्ही भात वेळून जी पेज काढता, मीठ आणि लोणच्याची फोड टाकून पिता, ती म्हणजे तेच निघालेलं पाणी! भात खाणारा वाचला, पेज पिणारा... असो. तुमच्या तांदळात मुळात बंगालच्या बोअरवर पिकलेल्या तांदळाइतकं असायचं कारण नाही, तुम्ही बिनधास्त प्या. नातवाला मात्र पाणी ओतून शिजवलेला भात. आणि हे सगळं तेव्हाच, जेव्हा शिजवायचं पाणी चांगलं आहे. वाईट पाण्यात वेळला तर भात ते पाणी शोषून उलट जास्तच घेऊन बसतो.

प्रश्न : हेल्थ पॅकेजमध्ये लघवीची तपासणी केली, आर्सेनिक मर्यादेच्या चौपट. घरात हलकल्लोळ. सूनबाई रडतेय, मुलगा आरओ विकत घ्यायला निघालाय. पाणी तर महापालिकेचं. (मुंबई)

तपासणीच्या आधी दोन दिवसांत जेवायला काय होतं? माझी पैज, कोळंबी किंवा बोंबील. समुद्रातल्या मासळीत आर्सेनिक भरपूर असतं, पण ते सेंद्रिय रूपात, आर्सेनोबीटाइन म्हणतात, ते शरीर जवळपास जसंच्या तसं बाहेर टाकतं आणि त्रास देत नाही. पॅकेजवाल्या टेस्टमध्ये सगळं आर्सेनिक एकत्र मोजतात, विषारी कुठलं आणि मासळीचं कुठलं हे सांगत नाहीत. चार-पाच दिवस मासळी बंद करा, परत तपासा आणि लॅबला विचारा की इनऑर्गॅनिक आर्सेनिक वेगळं मोजून देता का. तेही जास्त आलं तर मग मात्र डॉक्टरांकडे जा आणि घरात कुणी भस्म, काढे, पुड्या घेतंय का हेही त्यांना सांगा, लपवू नका. तोवर मुलाला दुकानातून परत बोलवा. सूनबाईंना म्हणावं, रडू नका, पाच दिवस वरण-भात.

प्रश्न : हे सगळं आरओवाल्यांचं मार्केटिंग आहे. आमच्या आजोबांनी विहिरीचं पाणी पिऊन 92 वर्षं काढली. तुमच्यासारखे लेखक भीती पसरवतात. (पुणे)

काका, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं मी आधी मान्य करतो. धरणाचं पाणी पिणाऱ्या पुण्याच्या माणसाला आर्सेनिकची भीती घालून आरओ विकणं हा लबाडपणाच, आणि त्यात बादलीभर पाणी मोरीत जातं ते वेगळंच. आजोबांची विहीर बेसॉल्टच्या काळ्या दगडातली, उघडी, हवा लागलेली, तिथे हे प्रकरण नसणारच. त्यांच्या तब्येतीला माझा नमस्कार.

पण दुसरं अर्धं नाही पटत. चिलीमध्ये अँटोफागास्ता नावाचं शहर आहे, अगदी कोरड्या वाळवंटात, 1958 मध्ये त्यांनी डोंगरातल्या नद्यांचं पाणी शहरात आणलं, त्यात लिटरला 860 मायक्रोग्रॅमच्या आसपास आर्सेनिक होतं. 1970 च्या सुमाराला शुद्धीकरण केंद्र बसवलं आणि आकडा खाली आला. म्हणजे बारा-तेरा वर्षांचा एक बंद हिशोब मिळाला, असा हिशोब माणसांवर मुद्दाम कुणी करू शकत नाही. पाणी चांगलं झालं तरी फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू पुढे वाढतच गेले, 1990 च्या दशकात कळस झाला. यात कुणी काय विकलं सांगा? अराईहजारमध्येच जवळपास बारा हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं की त्या काळातल्या मृत्यूंपैकी साधारण 21 टक्के मृत्यूंचा संबंध 10 मायक्रोग्रॅमच्या वरच्या पाण्याशी लागतो. आणि अलीकडे त्याच लोकांच्या वीसेक वर्षांच्या नोंदींतून दिसलंय की ज्यांच्या शरीरातलं आर्सेनिक कमी झालं त्यांचे मृत्यूही कमी झाले. ही बातमी घाबरवणारी आहे का? मला तर उलट वाटली.

आणि फिल्टरचंच म्हणाल तर बांगलादेशातला सगळ्यात गाजलेला फिल्टर दोन बादल्या, लोखंडाचा खास चुरा, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे यांचा आहे, सोनो नावाचा. अबुल हुसाम हे मूळचे तिथल्याच कुश्तियाचे, अमेरिकेत शिकवणारे रसायनशास्त्रज्ञ, त्यांनी तो केला आणि 2007 मध्ये त्याला दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. वीज लागत नाही.

प्रश्न : आम्ही कोरचीकडचे. पलीकडे छत्तीसगडमध्ये पाण्यात आर्सेनिक आहे असं ऐकतो. आमच्या बोअरचं काय? (गडचिरोली)

बरोबर ऐकलंय. तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या अंबागढ चौकी भागात, कौरीकसा आणि आजूबाजूच्या गावांत हे 1999 मध्ये समोर आलं. तिथलं कारण बंगालसारखं गाळाचं नाही, तिथे खडकातच आर्सेनिकची खनिजं आहेत. खडक राज्याची हद्द बघून थांबत नाही, म्हणून तुमचा प्रश्न रास्त आहे, ग्रामपंचायतीमार्फत भूजल खात्याच्या लॅबला नमुना पाठवा आणि त्याच बाटलीत फ्लोराइड पण बघायला सांगा, कारण चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे दात आणि हाडं बिघडवणारं खरं दुखणं फ्लोराइडचं आहे, त्याच्याबद्दल मात्र मला एकही पत्र येत नाही.

प्रश्न : सोमल म्हणजेच आर्सेनिक का? आणि हरताळ? मराठीच्या सरांनी सांगितलं की हरताळ फासणे हा वाक्प्रचार यातूनच आला. (नववीतला विद्यार्थी, सांगली)

शाब्बास, सगळ्यात चांगला प्रश्न शेवटी आला. सोमल म्हणजे पांढरं आर्सेनिक, उंदीर मारायला आणि जुन्या काळी माणसं मारायलाही वापरायचे कारण चव लागत नाही. 1836 मध्ये जेम्स मार्श नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्याचा वायू करून ते पकडायची युक्ती काढली आणि विषप्रयोग करणाऱ्यांचे दिवस भरले. आज गावात हापसा तपासायच्या किटमध्ये बाटलीत पूड टाकतात, आर्सेनिकचा वायू सुटतो आणि वरच्या कागदाची पट्टी पिवळी-तपकिरी होते, ती त्याच युक्तीची नात समज.

हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळंधमक खनिज, आणि मनशीळ हे त्याचंच लाल भावंड. पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळ फासायचा, पिवळट कागदावर ते बेमालूम मिसळायचं आणि वर परत लिहिता यायचं, म्हणजे आपला व्हाइटनरच. सर बरोबर आहेत. शिवाय आर्सेनिक हा शब्दसुद्धा हरताळाच्याच फारसी नावावरून ग्रीकमार्गे आलाय, झर्निख, त्यातला झर म्हणजे सोनं. आयुर्वेदातल्या रसौषधींमध्येही हरताळ वापरतात, वैद्य ते शुद्ध करून देतात, पण अमेरिकेत 2008 मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांची तपासणी केली तर साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, त्यामुळे घरी कुणी ऑनलाइन पुड्या मागवत असेल तर त्यांना हे वाचून दाखव.

फक्त दुकानं बंद ठेवतात तो हरताळ वेगळा बरं का, तो हाट आणि ताळं यांच्यावरून आलाय, म्हणजे बाजाराला कुलूप. परीक्षेत दोन्ही एकत्र करू नकोस.